बाही उसवायची होती

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या, म्हणून मी नुसतं "हं" म्हटलं.

"ताई, मी हाडांच्या दवाखान्यातून बोलतेय. मागच्या वर्षी तुमच्या मुलीच्या कोपराचं ऑपरेशन मी केलं होतं. ओळखलंत?"

टाचण्या एकेक करून मी उशीत खोचल्या. आवाज पहिल्या शब्दालाच ओळखला होता, पण चौथी टाचणी खोचून होईपर्यंत मी बोलले नाही.

"हो हो, बोला ना डॉक्टर."

त्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर दोन. एक मोठे डॉक्टर, पिकल्या मिशांचे, ते चालायला लागले की अख्खा वॉर्ड त्यांच्यामागे चालायचा. आणि एक या, छोट्या डॉक्टर. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. केसांचा बुचडा नेहमी सुटायच्या बेतात आणि खिशात पेनं पाच, त्यातलं चालणारं एक.

"गेल्या तीन वर्षांत ज्या मुलांचं कोपराच्या वरचं मोडलेलं हाड मी बसवलं, त्या सगळ्यांना आम्ही परत बोलावतोय," त्या म्हणाल्या. "हात किती वाकतो, कसा दिसतो, सगळं मोजून लिहायचंय. एकसष्ट मुलं आहेत. साठ येऊन गेली."

"आमचंच राहिलं का?"

"तुमचंच. दोन पत्रं पाठवली होती. मिळाली नाहीत का?"

"नाही हो."

पत्रं मिळाली होती. पहिलं मी फाडलं होतं. दुसऱ्याचा कागद जरा जाड होता, त्याच्यावर मी कॉलरचा साचा कापला होता.

"या शनिवारी जमेल का? पंधरा मिनिटांचं काम आहे." मग त्या जराशा थांबल्या. "खरं सांगू का ताई, माझ्या यादीत वाईट झालेला हात हा एकच आहे. तो गाळला तर बाकीच्या साठांना काय अर्थ?"

परीक्षेत नापास झाल्याचं घरी सांगताना मूल जसं बोलतं, तशा बोलल्या त्या. मी येते म्हणाले, फोन ठेवला आणि पुढच्या बाईच्या ब्लाऊजचा गळा उलटा कापून ठेवला.

*

मुलीचं खरं नाव शाळेच्या रजिस्टरात आहे. घरात ती टाचणी. रांगत होती तेव्हापासून मशीनखाली पडलेल्या टाचण्या वेचून मला आणून द्यायची, आणि अंगानेही तशीच, बारीक आणि टोकदार. शोधायला गेलं तर सापडायची नाही, आणि मग भलत्याच वेळी भलतीकडे टोचायची. आता सात वर्षांची आहे.

तिने दोन्ही हात खाली सोडले आणि तळवे पुढे केले, की उजवा हात कोपरापासून जरासा बाहेर जातो. सगळ्यांचाच जातो. डावा मात्र आत वळतो, पाण्यात बुडवलेल्या काठीसारखा. दुखत नाही. पूर्ण वाकतो, पूर्ण सरळ होतो. त्या हाताने ती लोंबकळते, मारामाऱ्या करते, माझी कात्री पळवते. दिसतो फक्त वाकडा.

आणि तो दिसू नये म्हणून वर्षभर मी तिला फक्त पूर्ण बाह्यांचे कपडे शिवलेत. डावी बाही वेगळी कापते. कोपराखाली थोडी सैल, आतून एक छोटी तिकोनी कळी जोडलेली, आणि शिलाई अर्धं बोट पुढे सरकवलेली. कपडा सरळ पडला की आतला हात सरळच वाटतो. ऐन उन्हाळ्यात तिच्या मनगटाशी घामाचं वर्तुळ उमटतं. "आई, उकडतंय," म्हणते. मी म्हणते, "सुती आहे गं, त्यात नाही उकडत."

नवरा वायरमन आहे. दिवसभर लोकांच्या घरी शिडीवर चढतो आणि शिडीवरून खाली जे ऐकायला उभे असतील त्यांच्याशी बोलतो. आमच्या पोरीचा हात त्या शिकाऊ डॉक्टरणीने वाकडा केला, ही गोष्ट त्याने इतक्या घरांत सांगितलीय की समोरच्या इमारतीतली एक बाई पोराचं मनगट मोडलं तर थेट शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेली. नवऱ्याने ते मला अभिमानाने सांगितलं, "वाचवलं बघ एकाला." मी त्या वेळी सुईत दोरा ओवत होते. बराच वेळ ओवत राहिले.

*

पडणं तिचं तिचं होतं. शाळेच्या मैदानातल्या लोखंडी दांड्यांवरून हात सुटला आणि ती हातावरच आपटली. मी पोचले तेव्हा कोपर सुजून भलत्याच आकाराचं झालं होतं आणि ती रडत नव्हती. मी तिला तशीच उचलून दवाखान्यात नेली.

छोट्या डॉक्टर तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. मनगटाची नाडी बघितली, बोटांना हात लावून ती गरम आहेत ना ते बघितलं. मग म्हणाल्या, "मला अंगठा दाखव. आता अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल कर. आता बोटं फाकव, पंखा कर. शाब्बास! सगळ्या तारा चालू आहेत."

"माझे बाबापण तारांचं काम करतात," टाचणी म्हणाली. पडल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य.

मग त्यांनी मला एका कागदावर काढून दाखवलं. कोपराच्या जरा वर हाड चपटं आणि पातळ होतं, मुलांचं नेमकं तिथेच मोडतं. कापायचं नाही. भूल द्यायची, हाड बाहेरूनच ओढून जागेवर बसवायचं, पडद्यावर एक्स-रे बघत बघत कातडीतून दोन बारीक तारा आरपार घालायच्या. तारांची टोकं बाहेर वाकवून ठेवायची, वर कापूस, मागून पन्हळीसारखं अर्धं प्लास्टर, त्यावर बँडेज. चार आठवड्यांनी तारा ओढून काढायच्या.

"म्हणजे आधी टाचण्या लावून घ्यायच्या," मी म्हटलं. "शिवण हलू नये म्हणून."

त्या हसल्या. "अगदी तसंच. पक्की टीप हाड स्वतः मारतं. आपण तोपर्यंत धरून ठेवायचं. तुम्ही शिवणकाम करता?" आणि कोटाच्या खिशाचं लोंबतं बटण दाखवून म्हणाल्या, "हे बघा माझं." टाचणी आत होती तेवढ्या वेळात मी ते बटण लावून दिलं. दोरा दुहेरी घेऊन पक्कं लावलं.

सातव्या दिवशी एक्स-रे काढला. छोट्या डॉक्टरांनी तो खिडकीशी धरून मलाही दाखवला. "बघा, कशी रेषेत बसलीय. छान आहे. आता फक्त तीन आठवडे कुणी हात लावायचा नाही."

त्या 'छान आहे'वर मी आठव्या दिवशी भरवसा ठेवला. 'कुणी हात लावायचा नाही' त्याच्यामागे होतं, ते मी सोयीने सोडून दिलं.

आठव्या दिवशी माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं.

घरातल्या सगळ्यांचे कपडे मी शिवले होते, पण जीव ओतला होता तो टाचणीच्या फ्रॉकमध्ये. ती पडायच्या आधी तीन आठवडे, तिला शाळेत सोडलं की गिऱ्हाइकांचं काम बाजूला सारून मी त्या बाह्यांवर बसायची. गडद निळं कापड, हाताला घट्ट बसणाऱ्या लांब बाह्या आणि मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत भरलेली बारीक पानं. एकेक पान तांदळाच्या दाण्याएवढं. भरतकाम शिवणीवरून सलग गेलं होतं, म्हणजे बाही उसवायची तर पानं कापली जाणार.

प्लास्टरवरून ती बाही जाणार नव्हती, हे तर आंधळ्यालाही कळलं असतं. डावी बाही उसवायची आणि दोन बंद लावायचे. अर्ध्या तासाचं काम. कुठल्याही शिंप्याने तेच केलं असतं.

मी बाही हातात घेतली, टाके कापायची उसवणी घेतली, पानांकडे बघितलं. मग उसवणी खाली ठेवली आणि बँडेज सोडायला घेतलं.

फोटोपुरतं, असं मी स्वतःला सांगितलं. डॉक्टर म्हणाल्याच ना, छान बसलंय. हळूच करू. माझे हात काय कमी हलके आहेत?

"आई, डॉक्टर रागावतील," टाचणी म्हणाली.

"त्यांना कोण सांगतंय? आपलं गुपित. तू फक्त हलू नकोस हं."

ती हलली नाही. दात-ओठ खाऊन हात पुढे धरून बसली. मी प्लास्टरची पन्हळ काढून ठेवली, कापूस तसाच राहू दिला आणि बाही वर सरकवली. वर सरकवायला कोपर थोडं सरळ करावं लागलं. थोडंच. मग त्याच कापडाची एक झोळी शिवून ठेवली होती, ती गळ्यात अडकवून हात तिच्यात घातला.

हॉलमध्ये सगळ्या बायका भोवती जमल्या. "अगं बाई, आत प्लास्टर आहे? दिसतसुद्धा नाही! कसं जमवलंस?" माझी मावशी तर म्हणाली, "हिच्या हातात जादू आहे, जादू." मी हसून खाली बघितलं. नम्र दिसावं म्हणून. फोटो छान आला. माझ्या आईच्या भिंतीवर आजही आहे.

बाही काढताना ती अडकली.

अस्तर आतून तारेच्या वाकवलेल्या टोकात गुंतलं होतं, कापूस सरकला होता. मला ते दिसत नव्हतं, हाताला नुसतं लागत होतं. बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं, "चला, जेवायला बसलेत सगळे." मी हात जरा फिरवला आणि बाही ओढली. माझ्या अंगठ्याखाली काहीतरी सरकलं. सुई जाड शिवणीवर अडते आणि मग एकदम पलीकडे जाते, तेवढंच. तेवढंच, पण ते कापड नव्हतं.

टाचणी ओरडली आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

हे लिहिताना हात थांबतो. पडल्यावर रडली नव्हती ती पोर, आणि ओरडली तेव्हा मी तिचं तोंड दाबलं.

नंतर मी सगळं परत बांधलं. कापूस, पन्हळ, बँडेज, आधी होते तसेच वेढे, तितक्याच अंतरावर. शेवटाला दवाखान्यातली चिकटपट्टी लावलेली होती, ती परत धरेना, म्हणून तिच्या खालून चार टाके घातले, वरून न दिसणारे. तेवढं मला येतं. तिची बोटं हलत होती, गरम होती. मी तिच्याकडून अंगठा करून घेतला, गोल करून घेतला, पंखा करून घेतला. तिन्ही झालं. मग मी तिला जेवायला घेऊन गेले.

*

चार आठवड्यांनी प्लास्टर काढलं. ते काम प्लास्टरवाल्या काकांचं. कोपरापर्यंत पांढरे हात, भिंतीला टेकले तर भिंतीवर ठसे. बँडेज बघून ते म्हणाले, "हे मी बांधलंय? छ्या! इतकं नीट मी माझ्या जावयालासुद्धा बांधणार नाही." आणि कात्री चालवली. माझे टाके त्या कात्रीखाली कापले गेले, कुणाला दिसले नाहीत.

एक्स-रे आला. मोठ्या डॉक्टरांनी सातव्या दिवशीचा आणि आजचा, दोन्ही शेजारी शेजारी लावले. छोट्या डॉक्टर बाजूला उभ्या.

"दोन्ही तारा बाहेरच्याच बाजूने घातल्यास. मी म्हटलं होतं की नाही?"

"सर, सातव्या दिवशी जागेवर होतं."

"मग काय भूत येऊन हलवून गेलं?"

भूत तिथेच स्टुलावर बसलं होतं, मांडीवर पर्स घेऊन. त्याने तोंड उघडलं नाही.

मग आम्ही निघालो, तर छोट्या डॉक्टर मागून व्हरांड्यात आल्या. "ताई, माफ करा. हाड आता याच जागी जुळलंय. हात सगळं काम करील, पण जरा वाकडा दिसेल. मला खरंच वाटत होतं, मी नीट केलंय."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "असू द्या हो डॉक्टर. मुद्दाम का कुणी करतं?"

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना क्षमा केली होती ना!

*

शनिवारी टाचणीला मी पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा घातला. नवरा म्हणाला, "चांगली खडसाव तिला. वर्षाने आठवण झाली?" मी चपला शोधत राहिले.

दवाखान्यात बाकावर बसलो, तर प्लास्टरवाले काका टाचणीला बघून थांबले. "काय गं, केवढी झालीस! परत पडू नको हं. पडलीस तर मोठ्या साहेबांच्या हाती लागशील. छोट्या बाई आता पोरांच्या कोपराला हात लावत नाहीत."

"का?" मी विचारलं. माहीत नसल्यासारखं विचारलं.

"का म्हणजे? घाबरल्यात. कोपर आलं की हातमोजे घालतात, आत जातात आणि साहेबांना फोन करतात. माझ्या डोळ्यांसमोर साठ नीट केली हो त्यांनी. पण गालबोट लागलं एकाला आणि..." टाचणीकडे लक्ष जाऊन ते गप्प झाले. "जाऊ दे. पोरी, चॉकलेट खातेस?"

आत छोट्या डॉक्टर तशाच होत्या, बुचडा तसाच. कोटाचं बटण मी लावलेलंच होतं, माझा दोरा मी कुठेही ओळखते. त्यांनी टाचणीला बाह्या वर करायला सांगितल्या, दोन दांड्यांचं कोनमापक कोपरावर धरलं, आकडे लिहिले. वाकणं पूर्ण. सरळ होणं पूर्ण. मुठीचा जोर चांगला. मग हात खाली सोडून उभं राहायला सांगितलं आणि त्या आकड्याला थोडा जास्त वेळ लागला.

"हे पुढे सरळ करता येतं," त्या मला म्हणाल्या आणि तसाच कागद ओढून तसंच हाड काढलं. बाहेरच्या बाजूने एक पाचर कापून काढायची, दोन्ही कडा मिटवायच्या. मला लगेच समजलं. कापड जिथे भलतीकडे जातं तिथे आम्ही चुणी घेतो, ते हेच. "फक्त दिसण्यासाठी, कामासाठी गरज नाही. तिने आणि तुम्ही ठरवायचं. घाई नाही. आणि ते मोठे सर करतील."

"आणि या यादीचं काय होणार?" मी विचारलं.

"लिहून मोठ्या सभेत वाचायचं. तुमच्या मुलीनंतर सरांनी नियमच केला, एक तार आतल्या बाजूनेही घालायची. म्हणजे हाड हलत नाही. पण आतल्या बाजूला नस असते. मधल्या काळात दोन मुलांची करंगळी काही महिने बधिर होती. बरी झाली, पण ती मुलं पेन धरायला रडायची. मला वाटायचं, दोन तारा पुरतात. साठ हात तेच सांगताहेत. हा एक नाही सांगत." त्यांनी दोन जुने एक्स-रे पुढ्यात ओढले. कडा मळल्या होत्या, इतक्या वेळा हाताळलेले. "किती वेळा बघितले मी हे. मला सापडतच नाही माझं कुठे चुकलं."

मी दोन मुलांची नावंसुद्धा विचारली नाहीत. कुठल्या तोंडाने विचारायची?

त्या टाचणीकडे वळल्या. "शाळेत कुणी चिडवतं का गं?"

"नाही. दिसतच नाही कुणाला. आई बाही अशी शिवते ना." मग तिने बाही खाली ओढली आणि सदऱ्याच्या बटणाशी बोलल्यासारखी बोलली, "पण तुमची चूक नाहीये. माझ्यामुळे झालं ते. मला हलू नको म्हटलं होतं, आणि मी ओरडले, तेव्हा हलले असणार."

वर्षभर. वर्षभर ही सहा-सात वर्षांची पोर हे घेऊन झोपत होती, खेळत होती, माझ्या मशीनखाली टाचण्या वेचत होती, आणि ती 'गुपित' छान राखते म्हणून मी मनात तिला शाबासकी देत होते.

छोट्या डॉक्टर खुर्चीतून उठून तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, पहिल्या दिवशी बसल्या होत्या तशा. "नाही गं राणी. प्लास्टर असताना ओरडलीस, हललीस तरी काही होत नाही. हाड नीट धरून ठेवणं माझं काम होतं. चूक माझी होती, तुझी नाही. कळलं?"

टाचणीचा चेहरा सुटला. खरंच सुटला. तिने माझ्याकडे बघितलं. आणि मला तिथे दिसलं, की मी आता गप्प राहिले तर सगळं मिटतं. पोर मोकळी होते. डॉक्टर आपल्या अंगावर घेतात, त्यांना सवय झालीय. मी घरी जाऊन पुढची बाही कापू शकते.

"डॉक्टर," मी म्हटलं. "डॉक्टर, प्लास्टर मी काढलं होतं."

त्या वर बघत राहिल्या.

"आठव्या दिवशी. लग्न होतं. फ्रॉकची बाही घालायला. काढताना अस्तर तारेत अडकलं, मी हात फिरवून ओढलं. सरकलेलं मला कळलं होतं. मग मी परत बांधलं आणि तुम्हाला दिसू नये म्हणून टाके घातले."

त्या उठल्या, खुर्चीत बसल्या, दोन्ही एक्स-रे जवळ घेतले. आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. करायला हवा होता.

"हात कुणीकडे फिरवलात?" त्यांनी विचारलं. पेन घेतलं. चाललं नाही. दुसरं घेतलं. "तळवा वर की खाली? दाखवा."

मी माझ्याच हातावर दाखवलं. तो हात मला पाहवेना.

"किती वेळ पन्हळ काढलेली होती?"

"दीड तास असेल. जास्तच."

"ताप? पू?"

"नाही."

त्यांनी लिहिलं. सावकाश, सुवाच्य. मग एक्स-रेवर बोट ठेवून स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणून असं फिरलंय," आणि थांबल्या. त्यांचा चेहरा क्षणभर हलका झाला आणि लगेच लाल. कागदावरून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "त्या दिवशी व्हरांड्यात मला तुम्ही 'असू द्या' म्हणालात."

मी टेबलावरचं न चालणारं पेन उचलून सरळ ठेवलं.

"मी सरांना सांगीन," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही इथे लिहून सही करावी लागेल."

मी लिहिलं. अक्षर माझं बिल लिहायला ठीक आहे, पण त्या चार ओळी लिहायला मला फार वेळ लागला. सही करून मी म्हटलं, "पुढे कधी पाचर काढायची झाली, तर तुम्हीच करा."

"ते मी आज नाही सांगू शकत, ताई."

पहिल्यांदाच त्यांचं 'ताई' मला टोचलं. टाचणीचा हात धरून मी उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही. बरोबरच होतं.

*

घर जवळच होतं, चालत निघालो. टाचणी दगड लाथाडत पुढे चालली होती. कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्यापाशी थांबली.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं?"

"नाही गं बाळा. माझ्यामुळे. फक्त माझ्यामुळे."

"मी ओरडल्यामुळेपण नाही?"

"तू ओरडायलाच हवं होतंस. मी तुझं तोंड दाबायला नको होतं."

तिने एक दगड लाथाडला. "मग तू तेव्हा बाहीच का नाही कापलीस?"

"पानं कापली गेली असती."

"मग?"

मी चप्पलवाल्याच्या चपलांकडे बघायला लागले.

"आता गुपित संपलं ना?" ती म्हणाली. "मग बाबांना मी सांगू?"

"नको. मी सांगते."

"आज?"

"हो."

"जेवायच्या आधी की नंतर?" ही पोर मला ओळखते.

"आधी."

मग तिने डावी बाही मनगटापासून गुंडाळायला घेतली. मी शिवलेली कळी आतून बाहेर आली, चुरगळली, बाही काही नीट दुमडेना. तिने दात लावून ती कोपराच्या वर चढवली. उजवीही चढवली आणि दोन्ही हात मोकळे हलवत चालायला लागली. समोरून येणाऱ्या दोघी-तिघींनी बघितलं. मी खाली बघितलं, मग पुन्हा वर.

नवरा दारातच होता, एक होल्डर सोडवत बसलेला. टाचणीचे उघडे हात बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. "काय म्हणाली ती तुझी डॉक्टरीण? केली का चूक कबूल?"

टाचणीने मागून माझा पदर ओढला.

"अहो," मी म्हटलं, "तो स्क्रूड्रायव्हर जरा खाली ठेवा."